बोट समोरच होते

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा. पहाटे ५.१०

नव्या संवत्सराबरोबर नवी रोजनिशी. चिरंजीव अविनाश यांच्या कृषी सेवा केंद्रात ती फुकट आली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी एका किडीचे चित्र आणि तिच्या नायनाटाचा उपाय छापलेला आहे. आज मावा. ग्रंथांत केस पिकवलेल्या पित्याला मुलाने पाडव्याला काय द्यावे, याचा हा नमुना. असो. विरक्ताला कागदाची वरची बाजू कोरी असली म्हणजे पुरे.

संकल्प. एक: रोज पहाटे चारला उठणे. (आज पाच. सण.) दोन: क्रोध वर्ज्य. तीन: पंथाची पोथी यंदा मूळ मोडीतून वाचणे. मोडी मला येते. वेगाने येत नाही, इतकेच.

वहीच्या आरंभी परंपरेचे स्मरण करावे अशी आमच्या घराची रीत आहे. श्री अवाकस्वामींनी बारा वर्षे मौन पाळले. अंतकाळी दोन शिष्य जवळ होते, एक समोर बसलेला आणि एक बाजूला. स्वामींनी शब्द न उच्चारता बोट उचलले. ते समोरच्या शिष्याकडे होते. ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट आहे आणि तिच्यातून आमचा सन्मुखपंथ निघाला. साडेसहा किलोमीटरवरच्या गावातले काही मंदबुद्धी लोक बोट बाजूला होते असे म्हणतात. त्यांना पार्श्वपंथ म्हणावे लागते. ही दोन्ही नावे गावाच्या जिभेला पेलत नाहीत, म्हणून लोक 'समोरचे' आणि 'बाजूचे' म्हणतात.

चैत्र वद्य पंचमीला, म्हणजे यंदा १८ एप्रिलला, आपली बोटाची स्वारी त्यांच्या मठाच्या दाराशी जाते. काठीवर पितळी बोट. पुढे शिंग आणि डफडी. दाराशी मी, पंथाचा पाठक, पोथीतला निर्णयाध्याय म्हणतो. मग आपण विचारतो, "बोट कोनाकडं?" आणि आपणच गर्जतो, "समोर!" आतून तो अडाणी मोतीराम महाराज आणि त्याची मंडळी ओरडतात, "बाजूले!" हे एकशे सत्तर वर्षे चालू आहे. त्यांना अजून पटलेले नाही. यावरून त्यांची आकलनशक्ती दिसते.

बोट धरण्याचा मान पाठकाच्या घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीचा. आमच्याकडे ती नात मंजुश्री, वय सोळा. मुलीला मान देणारा मी पहिला पाठक. मी मुळात सुधारक आहे. (नातू नाही.)

मंगळवार, १ एप्रिल. सायंकाळ

उठण्यास ६.२०. डास.

चिंच लावून बोट घासत असताना मंजुश्री शेजारी येऊन बसली. भक्तीने बसली असेल असे वाटले. तिने विचारले, "आबाजी, स्वामी बारा वर्षं बोलले नाहीत ना? मंग आपण त्यायच्या नावानं एवढा कालवा काऊन करतो?"

मी सांगितले की मौन सूक्ष्म आहे, आणि सूक्ष्माचा प्रसार स्थूल साधनांनीच होतो, म्हणून शिंग. उत्तर इतके चांगले जमले की मी ते पुन्हा एकदा म्हटले.

ती म्हणाली, "हे कुठं लिहिलं आहे?"

या पिढीला प्रत्येक गोष्टीचा पत्ता लागतो. जणू ज्ञान हे कुरिअरने यायचे पार्सल आहे. मी म्हटले, पोथीत. ती म्हणाली, "कोनत्या पानावर?" मी म्हटले, आधी अकरावीचा अभ्यास कर. ती म्हणाली, परीक्षा संपली.

या उद्धटपणाचे मूळ मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यांच्या दाराशी तिला ऊन लागून चक्कर आली. पाठकाने आणि बोट धरणाऱ्याने त्या पहाटेपासून शिंग थांबेपर्यंत पाणी घ्यायचे नसते, हा नियम. मी अध्यायाच्या मध्यावर होतो, थांबणे शक्य नव्हते. तेवढ्यात त्यांच्याकडची झुंबरबाई नावाची म्हातारी दारातल्या रांजणातून तांब्या भरून आली आणि मुलीने तो पाजू दिला. शत्रूच्या दारचे पाणी! घरी आल्यावर मी तिच्याकडून एकशे आठ वेळा नाम घेववले. तेव्हापासून ती प्रश्न विचारते. त्या पाण्यातच काहीतरी असणार.

गुरुवार, ३ एप्रिल

चुलतबंधू वामनराव चहाला आले. बोलावले नव्हते. पोरीच्या जातीला काठी जड जाते, आपला गोविंदा आता तेरा वर्षांचा झाला, असे सहज म्हणाले. वामनरावांच्या आयुष्यात सहज असे काही घडलेले नाही.

मी म्हटले, मंजुश्रीची निष्ठा अढळ आहे. त्याच क्षणी ती आतून ओरडली, "आबाजी, बोटाले पालिश लावू का नको? तसं बी ते भलतीकडंच दाखवून राह्यलं." वामनराव हसले. दुसरा कप मागितला.

नियम असा की पाठकाच्या घरातून बोट धरणारे कोणी न निघाल्यास मान पुढच्या घरी जातो, आणि बोटामागोमाग पोथीही. म्हणजे निर्णयाध्याय वामनराव म्हणणार! ज्या माणसाला 'निर्णय' हा शब्द 'निरनय' असा म्हणता येतो, त्याच्या मुखी तो अध्याय! मी हे होऊ देणार नाही.

मोडी: उद्यापासून.

रविवार, ६ एप्रिल. दुपार

कळले ते असे. मंजुश्री गेले तीन महिने दर रविवारी एसटीने चिखलीला 'ट्यूशन'ला जात होती. ती ट्यूशन मोडी लिपीची निघाली. कॉलेजातले इतिहासाचे प्रेमानंद सर फुकट शिकवतात आणि त्यांची मुलगी समता ही मंजुश्रीची मैत्रीण आहे. जी लिपी आम्ही कुळाचारासारखी जपली, ती आता फळ्यावर, पंख्याखाली, बिस्किटे खात शिकवतात.

प्रथम संताप आला (संकल्प दोन). मग विचार केला की हे उत्तमच झाले. मूळ अक्षरांतून निर्णयाध्याय वाचला की तिची श्रद्धा दगडासारखी होईल. एका अर्थी तिला तिकडे मीच पाठवले. वामनरावांना तसेच सांगितले.

सौ. अन्नपूर्णाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चांगलं झालं. घरात एकाले तरी वाचता येईन." स्त्रियांना तुलनेचे भान नसते. माझा अध्याय तोंडपाठ आहे. वडिलांनी ऐकवला, मी पाठ केला. ज्याला सूर्य दिसतो त्याने दिव्याने सूर्य शोधावा काय?

अडचण वेगळीच आहे. आजवर पोथी कोणी मागितली तर मी मोतीबिंदूचे कारण सांगत असे. जानेवारीत शिबिरात शस्त्रक्रिया झाली. ती अतिशय यशस्वी झाली.

बुधवार, ९ एप्रिल

मंजुश्रीने पोथी मागितली. मी सोवळ्याचे कारण सांगितले.

गुरुवार, १० एप्रिल. सकाळ ६.००

पहाटे पाचला दारावर थाप. मंजुश्री, ओल्या साडीत, केसांतून पाणी निथळते आहे. "झालं सोवळं. द्या आता." तिच्या मागे तिची आजी, हातात दिवा. हा कट होता.

दिली. झोपेत माणूस उदार असतो.

तोच दिवस. दुपार ३.००

हे लिहू की नको? लिहितो, कारण खंडन करायचे आहे.

निर्णयाध्याय ती घडाघडा वाचत गेली. माझ्या पाठाशी शब्दन् शब्द जुळला. मी सौ.कडे पाहिले. पुढे शेवटचे पान शेंदराने चिकटलेले. वडील सांगत, इथे थांबायचे, पुढे गुह्य आहे. मीही सांगितले. तिने स्टीलची पट्टी घातली आणि पान अलगद उचलले. त्यावर अध्याय नव्हता, ओव्याही नव्हत्या. साधे गद्य होते, कोणा लेखनिकाचे. तिने वाचले आणि मी ऐकले, ते असे:

'स्वामी तीन दिवस तापले होते. पंचमीस दुपारी बोट उचलिले. पाण्याचा घडा दाराशी होता. समोरचा म्हणे मजकडे, बाजूचा म्हणे मजकडे. वाद चालिला. दोन घटका गेल्या. स्वामींनी बोट खाली ठेविले. मग कोणीसे पाणी आणिले. उपयोग नव्हता.'

सौ.नी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मेलं माणूस तहानेनं. आन् हे बसले भांडत."

खंडन: (१) लेखनिक पार्श्वपंथी असावा. (२) पान मागाहून चिकटवलेले असावे. (३) मुलीची मोडी कच्ची असावी. (४) घडा हे रूपक आहे.

चौथे सर्वांत बळकट आहे. त्यावर उद्या सविस्तर.

आजच्या पानावर हुमणी. मुळे खाते, वरून काही दिसत नाही.

शनिवार, १२ एप्रिल

सविस्तर जमले नाही. पोट बिघडले.

मंजुश्रीने सांगितले की ती बोट धरणार नाही. "मी येईन आबाजी. पन काठी नाही, पान्याची कॅन घेऊन येईन. ज्याले पायजे त्याले पाजीन. त्यायलेही." त्यायलेही म्हणजे बाजूच्यांना!

मी शांतपणे समजावले. (सौ.चे म्हणणे की शेजारच्या गल्लीत ऐकू गेले.) एकशे सत्तर वर्षे इतके विद्वान चालत गेले, ते सर्व मूर्ख होते काय? ती म्हणाली, "मूर्ख नसतीन. चिकटलेलं पान कोनी उघडलं नाही, बस." मी म्हटले, तुझ्या हट्टापायी पोथी वामनरावांच्या घरी जाईल. हे तिला लागले. मग हळूच म्हणाली, "तुमाले पोथी पायजे का त्यातलं लिहिलेलं?"

उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हता.

अविनाशला मध्यस्थी करायला सांगितले. तो म्हणाला, "बाबा, सीझन चालू आहे." चैत्रात कसला सीझन? मुलगा खते विकता विकता स्वतःच निःसत्त्व झाला.

आजपासून अन्नत्याग. ती बोट उचलीपर्यंत.

रविवार, १३ एप्रिल

अन्नत्यागात फळे चालतात. केळी सहा. साबुदाणा धान्य नाही.

मंजुश्रीने पुन्हा साबुदाणा हवा का, असे विचारले. अन्नत्यागाचा तिच्यावर इष्ट परिणाम दिसत नाही. उपवास समाप्त. आत्मक्लेश हा तामस मार्ग आहे, हे मला आधीच ठाऊक होते.

सोमवार, १४ एप्रिल

चिखलीस दाताच्या डॉक्टरकडे. आज जयंतीची मिरवणूक असल्यामुळे एसटी अलीकडेच थांबली आणि उन्हात चालावे लागले. रस्त्याकडेला मंडप, त्यात पाण्याचे जार आणि सरबत. ग्लास भरून देणाऱ्यांत मंजुश्री! शेजारी समता. मी कोण, कुठला, कुठे निघालो, हे कोणीच विचारले नाही. समता म्हणाली, "बाबा, ऊन लय आहे, दोन घ्या." तीन घेतले. केवळ निरीक्षणार्थ.

निरीक्षण: मिरवणुकीत पाणी ठेवल्याने मिरवणुकीची काही हानी झाल्याचे दिसले नाही. पण त्यांची गोष्ट वेगळी.

बुधवार, १६ एप्रिल

तोडगा सापडला. घरातील सर्वांत लहान व्यक्ती असा नियम आहे. मंजुश्रीने नाकारल्यावर उरलेल्यांत जो चित्ताने बालकासारखा निर्मळ, तो लहान. म्हणजे मी. बोट मी धरणार, अध्यायही मीच म्हणणार. वामनराव म्हणाले, "बुवा, वय चौऱ्याहत्तर." मी म्हटले, पर्वताला वय विचारू नये.

परसात सराव केला. काठी साडेनऊ किलो भरली. दहा पावले उत्तम गेलो. मग बोट तुळशीवृंदावनावर आपटले आणि किंचित वाकले. आता ते जरा खाली पाहते. लांबून कळणार नाही.

मंजुश्री दारातून पाहत होती. हसली नाही. तिने काठी उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "आबाजी, त्या दिवशी निदान सकाळी निघताना तरी पानी पिऊन घ्या. बेचाळीस-त्रेचाळीस जाऊन राह्यलं टेंपरेचर." मी नियमाकडे लक्ष वेधले. ती म्हणाली, "नियम कोनी केला? ज्यायनं घडा उचलला नाही, त्यायनंच ना?"

उर्मट. पण काठी सरळ ठेवली.

शुक्रवार, १८ एप्रिल. चैत्र वद्य पंचमी. पहाटे ४.००

चार! संकल्प पूर्ण. देह कापसासारखा हलका. अध्याय दोनदा म्हटला, एकही चूक नाही. आज त्या दाराशी असा म्हणेन की मोतीराम महाराज लोटांगण घालील, वामनरावांची वाचा बसेल, आणि मंजुश्रीला कळेल की आजोबा काय चीज आहे. रूपकाचे स्पष्टीकरणही तिथेच सर्वांसमक्ष करीन. सायंकाळी येथे विजयवृत्त लिहीन.

पाणी घेतलेले नाही.

रविवार, २० एप्रिल. सकाळ

परवा आणि काल लिहिता आले नाही. वृत्त पुढीलप्रमाणे, कोणताही पक्ष न घेता.

पहिले तीन किलोमीटर स्वारी भव्य. नंतर डफडीवाले सावलीला थांबू लागले. चौथ्या किलोमीटरला मंडळीत तीस होते, पाचव्याला एकोणीस. मंजुश्री कॅन घेऊन मागे येत होती आणि माझी निष्ठावान मंडळी एकेक करून तिच्याकडे मागे पडत होती. मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर काठी गेली असती.

दाराशी पोहोचलो. शिंग वाजले. पोथी उघडली. मी अध्यायाचे पहिले अक्षर उच्चारण्यासाठी तोंड उघडले, पण घशातून काहीही आले नाही. पुन्हा उघडले. मोतीराम महाराज दारात उभे राहून वाट पाहत होते. सवयीने कोणीतरी ओरडले, "बोट कोनाकडं?" आणि त्याच क्षणी मी खाली बसलो. बसलो, पडलो नाही. काठी मात्र पडली.

समोर दार. दाराच्या एका अंगाला झुंबरबाईचा रांजण, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्याच्या बुडाशी पाणी पाझरत होते, ते मला इतके स्पष्ट दिसले की शस्त्रक्रियेचे कौतुक वाटले. मी बोट उचलले.

वामनराव ओरडले, "पाहा! बुवानं गोविंदाकडं बोट केलं! मान आमचा!" गोविंदा रांजणाला टेकून मोबाइल पाहत होता, हे खरे. मोतीराम महाराजांनी दोन्ही हात वर केले. "नाही बे! बोट आमच्या दाराकडं! बुवा बाजूले आले!" आतून जयघोष. आमच्यातला एकजण म्हणाला बोट आकाशाकडे होते. दुसरा म्हणाला, त्यायचं बोट थरथरून राह्यलं होतं, म्हणजे दोघायलेही. वामनरावांनी महाराजांची कॉलर धरली. शिंगवाल्याला काय सुचले कोण जाणे, त्याने शिंग फुंकले.

माझे बोट वरच होते. ते दुखू लागले होते. मला त्या पानाची आठवण झाली. फार नाही, थोडीशी.

मग आवाज आला, "सरका ना बाप्पा! सरका बाजूले!" मंजुश्री. तिची कॅन वाटेतच रिकामी झाली होती, माझ्याच मंडळींनी ती रिकामी केली. तिने झुंबरबाईच्या हातून तांब्या घेतला, वामनरावांना कोपराने ढकलले, महाराजांना खांद्याने, आणि माझे डोके मांडीवर घेतले. झुंबरबाई वरून म्हणत होती, "हळूहळू पाज वं माय, ठसका लागन म्हाताऱ्याले."

पुढचे मला नीट आठवत नाही. थंड होते.

शासकीय दवाखान्यात एक सलाईन. घशाला सूज. डॉक्टरांनी आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही असे सांगितले. सौ.नी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आज सकाळी दोन शिष्टमंडळे आली. वामनराव बारा जणांसह, मोतीराम महाराज नऊ जणांसह. बोट नेमके कोणाकडे होते, याचा निर्णय माझ्याच मुखाने हवा. मी मुखाकडे बोट केले. त्यावरही वाद झाला. शेवटी मंजुश्रीने तिची जुनी पाटी आणून दिली. मी मोठ्या अक्षरांत लिहिले: पाणी.

वामनरावांनी वाचले. डोळे मिटले. "केवढं गूढ," ते म्हणाले आणि पाटीला नमस्कार केला. महाराजांनी त्या शब्दात लपलेले 'बाजू' शोधायला घेतले. मी पाटी पुसून पुन्हा लिहिले. ते म्हणाले, दोनदा लिहिले म्हणजे दोन अर्थ. पाटी आता वामनराव घेऊन गेले आहेत. पुढच्या पंचमीला काठीवर तीच बांधणार, असे ऐकतो.

पोथीही नेली. मंजुश्री म्हणाली, "जाऊ द्या आबाजी. शेवटच्या पानाचा मी फोटो काढून ठेवला आहे."

ते सर्व गेल्यावर तिने उशाशी तांब्या ठेवला, समोर बसली आणि हळू आवाजात विचारले, "आबाजी, खरं सांगा. कोनालेही नाही सांगत. त्या टायमाले फक्त पानीच पायजे होतं ना?"

प्रश्न वरवरचा होता. त्यात रूपकाचा विचार नव्हता, परंपरेचा नव्हता. मी निक्षून नकारार्थी मान हलवली.

तांब्या रिकामा झाला तेव्हा ती दुसरा आणायला उठली.